रोजची क्षमा

“नाही जाणार मी! पापनिवेदनाला जाणार नाही म्हणजे नाही!”

चिमणीने प्रार्थनेचं पुस्तक पलंगावर भिरकावलं आणि शाळेच्या गणवेशाचं निळं कापड बेतत बसलेल्या तिच्या आईची, घरातल्या थोरलीची, कात्री तशीच अर्धी उघडी राहिली. चार दिवसांवर पोरीचं पहिलं पापनिवेदन, मग पहिला ख्रिस्तप्रसाद, पांढरा झगासुद्धा शिवून तयार... आणि आता हे भलतंच!

“अगं, नऊ वर्षांच्या पोरीची पापं असून असून किती? ऐकता ऐकता फादरांना डुलकी लागेल.”

चिमणी हसली नाही. “आधी तू काकूला रोज माफ करायचं थांबव. मग जाईन.”

थोरलीने कात्री खाली ठेवली.

सासूबाई जाऊन सात महिने झाले होते. तीन वर्षं त्यांचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी तिने एकटीने केलं. आणि नेमक्या एका दुपारी, वेदीवरची नवी वस्त्रं शिवायला ती चर्चच्या सभागृहात गेलेली असताना, त्यांनी डोळे मिटले. घरी होती धाकटी जाऊ. तिने फादरांना बोलावलं नाही! जन्मात रविवारची एक मिस्सा न चुकवलेली ती माउली, मरणाऱ्याला फादर पवित्र तेल लावतात त्या शेवटच्या अभ्यंगाविना गेली... “मी तुला क्षमा केली,” थोरली त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली होती. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी रोजरीची जपमाळ संपली की ती हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे जोडायची, “ज्यांच्या हयगयीमुळे आई तेलाविना गेल्या, त्यांना, प्रभू, तूही क्षमा कर.” नाव तिने कधीच घेतलं नाही. घ्यायची गरजच काय! दीर मान खाली घालायचे, धाकटी फरशीकडे बघत ‘आमेन’ म्हणायची, आणि थोरलीला आपलं अंतःकरण कसं धुतल्यासारखं निर्मळ वाटायचं!

“काकूने फोन केला होता,” चिमणीचा आवाज चिरकला. “चार वेळा. तुझा फोन माझ्याकडे होता, मी गेम खेळत होते... प्रत्येक वेळी कट केला. मग यादीतून पुसूनही टाकला.”

थोरलीच्या डोळ्यांपुढे ते सभागृह उभं राहिलं... शिलाई मशिनांची खडखड, मागच्या बाकावर मान घालून बसलेली चिमणी, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत चहा पीत बसलेले फादर. वीस पावलं! फक्त वीस पावलं!

“काकूला... माहीत आहे?”

“मीच सांगितलं, त्याच दिवशी. ती म्हणाली, तू लहान आहेस, तुला हे झेपायचं नाही, सध्या माझ्याकडे राहू दे. पण तू रोज तसं म्हणतेस, आणि ती आमेन म्हणते, आणि माझ्या पोटात दुखतं गं आई!”

थोरलीने लेकीला छातीशी घट्ट धरलं. रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? कारण मनाच्या तळाशी बसलेलं दुसरंच काहीतरी आता वर येऊ लागलं होतं. धाकटीने सरळ फादरांनाच का नाही बोलावलं?... त्याच्या महिनाभर आधी सासूबाईंना धाप लागली, तेव्हा धाकटीने घाबरून त्यांना बोलावलंच होतं की! फादर धापा टाकत आले, तर सासूबाई उशीला टेकून चहात बिस्किट बुडवतायत. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. “ऊठसूट हाक मारायला फादर काय आपल्या दारात बसलेत? यापुढे आधी मला फोन करायचा. मी सांगितल्याशिवाय त्यांना बोलवायचं नाही!”

तिचेच शब्द. सात महिने रोज क्षमा करताना ते एकदाही आठवले नव्हते!

चिमणीला शेजारणीकडे बसवून ती तडक धाकटी कामाला होती त्या इस्पितळाच्या धुलाईघरात गेली. कोंदट वाफ, सोड्याचा उग्र वास, छातीएवढे चादरींचे ढीग. इस्त्रीच्या रुळापुढे उभ्या असलेल्या धाकटीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. एका घरात राहून त्या भेगा थोरलीला आज दिसल्या.

“ताई? घरी काही झालं का?”

“चिमणीने सांगितलं.”

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. “मारलं नाहीत ना तिला?”

हाच तिचा पहिला प्रश्न! थोरली तिथेच ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसली.

“अहो, उठा आधी! सोडा सांडलाय तिथे, गुडघे सोलून निघतील.”

“निघू देत! एकदा तरी तोंडावर फेकायचं होतंस गं, की तुम्हीच मला बजावलं होतं...”

“फेकणारच होते. मी काय देवदूत लागून गेले? तुमची ती प्रार्थना सुरू झाली की मी दात आवळून धरायचे. पण तोंड उघडलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, मग मला फोन का नाही केलास? आणि सगळं पोरीवर गेलं असतं. आजी माझ्यामुळे तशी गेली, हे उराशी घेऊन वाढली असती ती.” धाकटीने रुळात पुढची चादर सरकवली. “धावत चर्चला येणार होते, ताई. पण आईंनी माझा हात धरला होता, तो सोडवेना. मग मीच घरातल्या पवित्र पाण्यात अंगठा बुडवून त्यांच्या कपाळावर क्रूस काढला. त्या हसल्या... हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत.”

थोरलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. क्षमा करण्याच्या घाईत तिने त्या शेवटच्या घटकेबद्दल एक शब्दही विचारला नव्हता!

“आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगते,” ती कशीबशी म्हणाली.

“चिमणीचं नाव घेऊ नका.”

“नाही. माझंच घेणार. आणि शनिवारी तिला चर्चला तू ने. तुझा हात धरूनच जाईल ती.” मग मान वर न करता तिने विचारलं, “मला माफ करशील?”

रूळ घरघरत होता.

“तो शब्द नको, ताई. सात महिने रोज ऐकलाय मी तो.” तिने रुळाखालून निघालेली गरम चादर ओढली आणि एक टोक थोरलीपुढे धरलं. “घडी घालायला माझी जोडीदारीण आज आली नाही. धरा हे. नीट धरा, भाजेल.”

थोरली उठली. आसवांनी समोरचं काही दिसत नव्हतं, तरी तिने ते टोक घट्ट धरलं.

“तुमची बाजू लोंबतेय,” पलीकडून धाकटी म्हणाली, “जरा वर घ्या... हां, अशी. आता या माझ्याकडे.”