सॉरीचं मूळ

खुर्चीतला माणूस खरं रडतोय की खोटं, हे मर्ममापकाला कळत नसे. त्याला रडण्याशी देणंघेणंच नव्हतं. डोक्यावर तारांची जाळी चढवायची, माणसाने एकच शब्द उच्चारायचा, आणि त्या शब्दामागे मेंदूत काय पेटलं ते पडद्यावर उमटायचं. तो शब्द होता ‘सॉरी’.

यंत्र डॉ. उल्का तांबवेकरचं. भाषेचा सिद्धान्त तिचा, मेंदूचा नकाशा डॉ. इरफान मुल्लाणीचा. त्या दोघांच्या जोरावर सरकारने कायदाच केला होता: कारखान्यातल्या अपघाताला जबाबदार असलेल्या माणसाची माफी मर्ममापकावर खरी ठरली, तर तुरुंग टळेल आणि तो सेवा करून भरपाई करील. खोटी ठरली, तर सात वर्षं आत.

आज प्रयोगशाळेत दोघे जण होते. नीलकांती रसायन कारखान्याचे संचालक विक्रांत सरदेशमुख, आणि त्याच कारखान्यातला झडपा सांभाळणारा कामगार यशवंत खोपटे. धोक्याची घंटा सारखी वाजून उत्पादन थांबतं म्हणून सरदेशमुखांनी ती बंद करायला लावली होती. खोपटेने एका पहाटे चुकीची झडप उघडली. घंटा वाजली नाही. वायू मागच्या वस्तीत शिरला आणि झोपलेली माणसं झोपेतच गेली.

निर्णय द्यायला निवृत्त न्यायाधीश कुसुमताई धारप आल्या होत्या. टेबलावर चष्मा ठेवत त्या म्हणाल्या, “हे बघा, मला साध्या मराठीत सांगा. सॉरी कशाला? माफ करा म्हटलं तर काय बिघडतं?”

“मोजपट्टी सॉरीची आहे,” उल्का म्हणाली. “जगभर तोच शब्द चालतो. आणि तोच सगळ्यात लबाड आहे. धक्का लागला, सॉरी. ऐकू नाही आलं, सॉरी. कुणाकडे मयत झालं, तिथेही सॉरी, बोलणाऱ्याचा काडीचा दोष नसताना. केविलवाण्या, दळभद्री अवस्थेलाही इंग्रज हेच विशेषण लावतो.”

“मग खरा अर्थ कुठला धरायचा?”

“मुळाशी आहे तो. लोकांना वाटतं, सॉरी हा ‘सॉरो’पासून, म्हणजे दुःखापासून आला. साफ चूक. त्या दोघी बहिणी नाहीत, नुसत्या शेजारणी. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे जखम, ठणका. सॉरी म्हणजे ज्याला ठणकतंय तो. वरचे सगळे अर्थ नंतर चढलेली पुटं. माणूस मनापासून बोलला की पुटं गळतात आणि खालची वेदना पेटते.”

धारपबाईंनी इरफानकडे पाहिलं. “पटतंय तुम्हाला?”

“वेदना मेंदूत कुठे पेटते ते मी दाखवू शकतो,” इरफान म्हणाला. “बाकी शब्दाला मूळबीळ काही नसतं, बाई. सवय असते. शब्द ज्याच्या जोडीने वारंवार येतो, तोच त्याचा अर्थ. पण कायदा हिचं ऐकून झालाय.”

“तुझं रडगाणं संपलं असेल तर यंत्र लाव,” उल्का म्हणाली.

आधी सरदेशमुख बसले. पांढरा सदरा, मान खाली. “आय ॲम सॉरी,” ते म्हणाले, आणि पडदा लालभडक झाला. इतका खोल ठणका उल्काने आजवर पाहिला नव्हता. माणूस वाटतो तितका दगड नसतो, असं तिच्या मनात आलं.

मग खोपटे बसला. त्याचे डोळे खोल गेले होते, दाढी वाढली होती. “सॉरी,” तो म्हणाला.

पडदा काळा.

“पुन्हा म्हणा, खोपटे. घाबरू नका.”

“सॉरी, मॅडम. सॉरी.”

काहीच नाही. साधी ठिणगीसुद्धा नाही.

“मला काय वाटत नाही असं म्हणतंय काय ते मशीन?” खोपटेने विचारलं. “रोज जातो मी वस्तीत. एकेका दारात उभा ऱ्हातो. कोण शिव्या घालतं, कोण दार लावून घेतं. त्या शेवंताबाई तर नुसत्या बघत बसतात. मी सॉरी म्हणतो नि पुढच्या दारात जातो. दुसरं काय म्हणू? तोंडाला तेवढंच येतं.”

इरफान हळूच म्हणाला, “उल्का, शब्द झिजलाय त्याचा. रोज इतक्या वेळा म्हटल्यावर मेंदू त्याची दखलच घेत नाही. वेदना आहे, पण ती ह्या शब्दाला सोडून गेलीय.”

उल्काने सरदेशमुखांचा आलेख पुन्हा लावला आणि या वेळी नीट पाहिला. ठणका पेटला होता खरा, पण तो सुरू झाला होता मेंदूत डाव्या मनगटाची जी जागा असते तिथून. मनाला लागलेलं असं मनगटातून सुरू होत नाही. ती पाण्याचा पेला घेऊन सरदेशमुखांजवळ गेली.

“सॉरी, तुम्हाला पाणी विचारायचंच राहिलं.”

सरदेशमुखांचा डावा हात झटक्याने मागे गेला.

“किती महिने शॉक घेत होतात?” तिने विचारलं.

सरदेशमुख मनगट चोळत शांतपणे म्हणाले, “पाच. शब्द उच्चारायचा, झटका घ्यायचा. सोपं नव्हतं हो. आणि कायद्यात कुठे लिहिलंय, ठणका कुठून यावा ते? तुमचीच व्याख्या आहे, डॉक्टर. सॉरी म्हणजे ज्याला ठणकतंय तो. मला ठणकतंय. घरात कोणी सॉरी म्हटलं तरी ठणकतं.”

त्यांना लाज नव्हती. लाज मोजायचं यंत्र कोणी बनवलंच नव्हतं.

उल्का धारपबाईंसमोर जाऊन उभी राहिली. “बाई, माझी व्याख्या चुकली. शब्दाचं मूळ म्हणजेच त्याचा खरा अर्थ, हा आम्हा शब्द खणणाऱ्यांचा जुना खुळेपणा आहे, आणि मी त्याचा कायदा करवून घेतला. वापराने अर्थ चढतो, वापरानेच पुसतो. हे यंत्र रद्द करा. ह्या खोपटेला त्याच्यावर तोलू नका.”

“म्हणजे तुम्ही चुकीची कबुली देताय?”

“देतेय.”

“मग खुर्चीत बसा.” धारपबाईंचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. “ह्या कायद्याखाली कबुली मोजल्याशिवाय मला धरता येत नाही. उद्या कोणीही तज्ज्ञ विकत घेऊन यंत्र खोटं म्हणेल.”

उल्का तरातरा जाऊन बसली. डोक्यावर जाळी चढवताना इरफानचे हात थबकले.

“उल्का, शून्य कुणाचं आहे?” तो कुजबुजला.

तिला आठवलं. यंत्राला शून्य शिकवायला निव्वळ पोकळ सॉरी हवी होती. म्हणून गेली तीन वर्षं रोज सकाळी ती स्वतः या खुर्चीत बसून तो शब्द म्हणत आली होती, मनात काहीही न आणता. तिच्या मेंदूतून जे उमटायचं, त्यालाच यंत्र ‘काहीच नाही’ समजायचं. जगात एकच माणूस असं होतं, ज्याची सॉरी ह्या यंत्रावर कधीच खरी ठरणार नव्हती. आणि हे आता सांगणं म्हणजे मोजणीआधीच पळवाट शोधणं ठरलं असतं.

“बोला,” धारपबाई म्हणाल्या.

“आय ॲम सॉरी,” उल्का म्हणाली. आवाज फाटला, डोळे वाहू लागले.

पडदा काळाच राहिला.

धारपबाईंनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. मग निर्णय सांगितला. डॉ. तांबवेकरांची कबुली असत्य, म्हणून यंत्र ग्राह्य. सरदेशमुखांची माफी सत्य. खोपटेला सात वर्षं.

शिपायाने खोपटेचा दंड धरला. जाळी ओरबाडून उल्का दारापर्यंत धावली. “खोपटे, चुकले हो मी. तुमचं वाटोळं केलं मी.”

खोपटे थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता आणि क्षमाही नव्हती.

“मला सांगून काय होणार, मॅडम?” तो म्हणाला. “वस्तीत जा. उद्यापासून तिथे कोण जायाचं नाही. शेवंताबाईंपासून सुरू करा. त्या दार लावत नाहीत.”