चौथ्या धड्यावर आजोबा का अडतात?

"थांबलं! परत थांबलं!" पोपट दोन्ही हात वर करून ओरडला. "चौथा धडा आला रे आला, की आजोबांच्या पोटात दुखायला लागतं!"

आजोबा म्हणजे कुणाचे खरे आजोबा नव्हेत. ब्रेल छापखान्याच्या मधल्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर बसलेला तो पिवळा पडलेला कॉम्प्युटर! काळा पडदा, हिरवी अक्षरं, पोटात फ्लॉपी घालायची फट. माउस नाही की चित्रं नाहीत. काय हवं ते टाइप करून सांगायचं. शेजारचं कागदावर ठिपके उठवणारं भलंमोठं यंत्र फक्त आजोबांचंच ऐकायचं. नवे कॉम्प्युटर जोडून पाहिले होते, पण यंत्राने त्यांना भीक घातली नाही.

खारूने कपाळावर हात मारला. सकाळपासून ही तिसरी वेळ. ती तेरा वर्षांची, आणि पोपट तिचा धाकटा भाऊ. त्याला पोपट का म्हणतात, हा प्रश्न त्याने तोंड उघडेपर्यंतच पडतो. दोघं सुटीला मामाकडे आले होते. तिसरा गडी राडार, मामाच्या शेजारचा. त्याला दिसत नसे, पण गल्लीच्या टोकाला कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, तर ते आधी त्याला कळे.

पुस्तक राडारचंच होतं, आठवीचं विज्ञान. शाळेने त्याच्या आईला बजावलं होतं: शाळा उघडायच्या दिवशी ब्रेल पुस्तक हातात असेल, तरच त्याला नेहमीच्या वर्गात बसता येईल. नाहीतर त्याला घरापासून लांब, वसतिगृहाच्या शाळेत पाठवावं लागेल. शाळा उघडायला पाच दिवस उरले होते, आणि पुस्तक तिसऱ्या धड्यावरच अडलं होतं.

"सरका बघू बाजूला," म्हणत मामा आला; छापखान्याची यंत्रं तोच सांभाळायचा. त्याने पडद्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खटकन बटण बंद केलं. "मेमरी गेली बाळांनो. वय झालं बिचाऱ्याचं. आता हात लावू नका."

मामा म्हणाला म्हणजे संपलंच! अठरा वर्षं आजोबांना जिवंत ठेवलं होतं ते त्यानेच. भंगारवाल्यांकडे हिंडून तो सुटे भाग शोधून आणायचा. खारूला आजोबांची भाषा त्यानेच शिकवली होती. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कामांची चिठ्ठी. एक ओळ, एक काम. चिठ्ठीचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं नको, आजोबांना झेपत नाही. आधी नक्कल, मग दुरुस्ती. आणि तारीख! आतली बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे रोज सकाळी आजोबा तारीख विचारत. छापखान्यातले बाकी सगळे कंटाळून नुसतं एंटर दाबत, आणि आजोबांना वाटे की आज एक जानेवारी १९८० आहे. मामा मात्र न चुकता खरी तारीख घाली, आणि खारूलाही त्याने ती सवय लावली होती.

दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. छापखाना त्यांचा.

"मग उद्या कंपनीच्या साहेबांना बोलावू ना? नव्या यंत्रांच्या कागदावर सही करून टाकते," त्या म्हणाल्या.

"करा बाई. मी ओढलं तेवढं ओढलं."

"आणि नवी यंत्रं कधी येतील?"

"सहा महिने तरी लागतील," मामा म्हणाला.

मामा आणि बाई गेल्यावर राडार एवढंच म्हणाला, "वसतिगृहात म्हणे सकाळी पाचला उठवतात."

"काही कुठे जायचं नाहीये तुला!" पोपट उसळला. "ताई, एकदा चालवून बघूया की. मेलेल्याला आणखी काय मारणार?"

मामाने हात लावू नका म्हटलं होतं. पण राडारच्या चेहऱ्याकडे बघून खारूने बटण दाबलं, तारीख घातली आणि छपाईची चिठ्ठी सुरू केली. एक धडा, दोन धडे, तीन... आणि थांबलं!

"शू!" राडारने हात वर केला. "ऐका. टुक... टुक... टुक. फ्लॉपी चालू आहे. आजोबा घोरताहेत!"

"मग?"

"मेलेला माणूस घोरतो का रे शहाण्या?"

खारू टेबलावर वाकली. फटीशेजारचा छोटा दिवा खरोखरच लुकलुकत होता. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजोबांची स्मरणशक्ती यथातथाच. चिठ्ठीतली प्रत्येक ओळ वाचायला ते पुन्हा फ्लॉपीकडे धाव घेतात! म्हणजे आत्ता कुठलीतरी चिठ्ठी गोलगोल फिरते आहे. शेवटची ओळ सांगते 'पहिल्या ओळीवर जा', आणि तिथून वाचत वाचत आजोबा पुन्हा शेवटच्या ओळीवर येतात.

तिने कंट्रोल आणि सी ही दोन बटणं एकदम दाबली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: चालू असलेली चिठ्ठी थांबवू का? हो की नाही?

"बापरे! मेलेला प्रश्न विचारतोय!" पोपटाने उडीच मारली.

"थांब, हात लावू नकोस," राडार म्हणाला. "मामाचा नियम काय? आधी नक्कल."

खारूने फक्त 'हो' उत्तर दिलं. पोपटाने कपाटातून कोरी फ्लॉपी आणली आणि सगळ्या फायली तिच्यावर उतरवून घेतल्या. मग खारूने फिरणारी चिठ्ठी उघडली. इनमीन चार ओळी. पहिली ओळ यंत्रासाठी नव्हतीच, माणसांसाठी होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: मामासाठी, खारूकडून.

ही चिठ्ठी खारूचीच! मागच्या सुटीत तिने गंमत म्हणून लिहिलेली. ती चालवली की 'आजोबा झोपलेत, गोंगाट नको' अशी अक्षरं यायची आणि सगळं थांबायचं. मामा तेव्हा पोट धरधरून हसला होता. आता ती अक्षरांची ओळ गायब होती, पण बाकी सगळं तेच.

"मीच केलं हे," ती कशीबशी म्हणाली. "माझा खेळ फ्लॉपीवरच राहिला. राडार, माझ्यामुळे..."

ती फ्लॉपी घेऊन धावत सुटली. मामा मागच्या पायऱ्यांवर चहा पीत बसला होता. तिने रडत रडत आपल्या खेळाचं सांगितलं. मामाने कप खाली ठेवला. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं वेडाबाई, रडतेस काय! चूक कुणाच्या हातून होत नाही? दे ती फ्लॉपी. आणि कुणाला बोलू नकोस. मी आहे ना!"

खारूला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मामा आहे म्हटल्यावर काळजी कसली?

दुसऱ्या दिवशी सकाळी टाय लावलेले साहेब आले. बाईंनी कागद पुढे ओढला. तेवढ्यात मामाने घसा साफ केला.

"बाई, सांगायला जीभ उचलत नाही. यंत्र तर गेलंच, पण पोरांनी खेळता खेळता पुस्तकाची फ्लॉपीही घालवली. खारूने काहीतरी खेळ करून ठेवला होता तिच्यात. आता कोरी झालीये."

खारू त्याच्याकडे बघतच राहिली. कुणाला बोलू नकोस म्हणाला होता ना? मी आहे ना, म्हणाला होता ना? धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

"खारू, खरं आहे हे?" बाईंनी विचारलं.

"खेळ माझाच आहे," ती म्हणाली.

"एक मिनिट!" राडार पुढे झाला. "खेळ वर्षभर फ्लॉपीवर पडून होता ना? मग याच महिन्याच्या सुरुवातीला माझं गणित सगळंच्या सगळं कसं छापून झालं? आपोआप चालायला तो काय भूत आहे? छपाईच्या चिठ्ठीतून त्याला कुणीतरी हाक मारलेली असणार! पोपट, नक्कल काढ."

"कसली नक्कल?" मामा एकदम म्हणाला.

"तूच शिकवलेली!" पोपटाने शर्टाच्या आतून फ्लॉपी काढली. "काल उशाखाली घेऊन झोपलो होतो मी. मान धरलीये माझी!"

खारू आजोबांसमोर बसली. तिने फायलींची यादी काढली. प्रत्येक नावापुढे, ती फाइल शेवटची कधी बदलली त्याची तारीख. एक जानेवारी १९८०, एक जानेवारी १९८०, ओळीने सगळ्या तशाच. दोन सोडून! छपाईची चिठ्ठी आणि खारूचा खेळ या दोन्हींपुढे याच महिन्याची चार तारीख होती.

"आम्ही तर अकराला आलो!" पोपट बोटांवर मोजत म्हणाला. "चारला आम्ही आमच्या घरी आजारी होतो. म्हणजे मी होतो. ताई मला औषध पाजत होती!"

"आणि आम्ही कुणी तारीख घालतच नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "नुसतं एंटर दाबतो."

खारूला ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ती तारीख चुकीची असावी, आपल्यालाच नीट वाचता येत नसावं, असं तिला आतून फार फार वाटलं. तिने तीनदा वाचली. चारच होती.

मग तिने डोळे पुसले, छपाईच्या चिठ्ठीतली तिच्या खेळाला हाक मारणारी ओळ खोडली आणि आजोबांना चालवलं. तिसरा धडा झाला, आणि यंत्राने क्षणभरही न थांबता खडखडत चौथा बाहेर काढला! राडारने गरम कागद ओढून घेतला. त्याची बोटं ओळींवरून पळू लागली.

"धडा चौथा," तो मोठ्याने वाचू लागला. "ध्वनी!"

"साहेब, तुमचा कागद घेऊन जा," बाई म्हणाल्या. "माझं यंत्र ठणठणीत आहे."

साहेब टाय सावरत निघून गेले. मामा खुर्चीत बसला आणि सगळं बोलून मोकळा झाला. नवी यंत्रं खपवलीस तर कंपनीत घेऊ, असं साहेबांनी त्याला कबूल केलं होतं. अठरा वर्षं भंगार धुंडाळून तो कंटाळला होता.

"कंटाळलास तर मला सांगायचं," बाई म्हणाल्या. "मीच तुझ्यासाठी दुसरीकडे शब्द टाकला असता. पण या मुलाचं पुस्तक अडवलंस, आणि पोरीवर ढकललंस! उद्यापासून येऊ नकोस."

मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास! डोळस माणसांनी भरलेल्या छापखान्यात हा एकटा नीट ऐकत होता. पोपटा, मान धरली तरी तू नक्कल सांभाळलीस. आणि खारू, पुस्तक पूर्ण होईपर्यंत आजोबा तुझ्या ताब्यात."

पोपट नाचायलाच लागला. खारूलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. ती मागच्या पायऱ्यांवर गेली. मामा तिथेच होता, हत्यारांची पेटी भरत.

"माझीच चिठ्ठी का घेतलीस, मामा?"

मामाने वर पाहिलं नाही. "मी तीन दिवस लिहून बघितली गं. माझ्या चिठ्ठ्यांनी यंत्र कुठेही बंद पडायचं, कधी पडद्यावर काहीबाही उमटायचं. तुझी कशी, नेमकी थांबते. तुझ्याइतकं स्वच्छ मला लिहिता येत नाही, खारू. खरंच सांगतो."

मामाच्या तोंडून हेच ऐकायला ती वर्षभर आसुसली होती. आता ऐकलं, आणि तिला रडूच कोसळलं.

"हे मागच्या सुटीत सांगायचं होतंस," ती म्हणाली. "तेव्हा मी आनंदाने वेडी झाले असते."

आतून राडारने पाचव्या धड्यासाठी हाक मारली. खारूने बाहीने तोंड पुसलं आणि ती आत निघून गेली.