आरसा वर जातो तेव्हा

आमच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसात मी जमाखर्च सोडून बाकी सगळं बघते. औषधं मागवणं, नातेवाइकांचे फोन, गळके नळ आणि दर शनिवारी फोटो. लांब राहणाऱ्या मुलामुलींना आईवडलांचा ताजा फोटो गेला की त्यांचा आठवडा बरा जातो, असं संचालक बाईंचं म्हणणं. जात असेल. नवरा गेल्यापासून मला कशाबद्दलच फारसं मत उरलेलं नाही. सकाळी उठते, डबा भरते, कामाला येते. रडू येत नाही, तसं हसूही येत नाही. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे.

फोटोंसाठी एक चंदेरी कॅमेरा होता, साबणाच्या वडीएवढा. मागच्या पडद्यावर बघायचं, बटण दाबायचं आणि वाट बघायची. बटण दाबल्यावर तो जरा विचार करायचा. तेवढ्यात कोणीतरी डोळे मिटायचं, कोणाला शिंक यायची. फोटो यथातथाच यायचे, पण त्यात सगळे माझ्याकडे बघत असायचे.

मग एका आजोबांच्या मुलाने आश्रमाला डीएसएलआर कॅमेरा भेट दिला. काळा, जड, गळ्यात अडकवला की मान खाली ओढणारा. वापरायचा कसा तेही त्यानेच दाखवलं.

"मागे नाही बघायचं, ताई. इथे वर डोळा लावा. आत आरसा आहे. लेन्समधून जे येतं ते तो थेट तुमच्या डोळ्यापर्यंत पोचवतो. म्हणजे समोर जे आहे तेच दिसणार."

मी डोळा लावला, बटण दाबलं. खटक् आवाज झाला आणि निमिषभर सगळं काळं झालं.

"हे काय झालं?"

"आरसा वर गेला. फोटो निघताना त्याला बाजूला व्हावंच लागतं." तो हसला. "खरं सांगायचं तर नेमका फोटोचा क्षण तेवढा तुम्हाला दिसत नाही. बाकी सगळं दिसतं."

शनिवारी नेहमीप्रमाणे व्हरांड्यातल्या लांब बाकावर सगळ्यांना बसवलं. "कॅमेरा कितीही भारी आणा, थोबाडं हीच राहणार," एक आजोबा म्हणाले आणि सगळे हसले. हूं-आजी तेवढ्या हसल्या नाहीत. कशालाही 'हूं' एवढंच उत्तर देतात म्हणून आम्ही त्यांना हूं-आजी म्हणतो. त्यांना आता कोणीच ओळखू येत नाही.

कॉम्प्युटरवर फोटो उघडले तेव्हा मला कौतुक वाटायला हवं होतं. स्वेटरचा धागा न् धागा दिसत होता. दाढीचे पांढरे खुंट दिसत होते. फक्त कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या थोडी डावीकडे होती, उभ्या माणसाचा चेहरा जिथे असतो तिथे.

कोणीतरी मागून गेलं असेल, असं म्हणून मी विषय संपवला.

पुढच्या शनिवारी मुद्दाम भिंतीला खेटून उभी राहिले. डावा खांदा भिंतीला टेकलेला. डोळा लावला तेव्हा सगळे सरळ माझ्याकडे बघत होते. खटक्. काळोख. पुन्हा सगळे माझ्याकडे. फोटोत मात्र सगळे भिंतीकडे बघत होते. मग पर्समधून चंदेरी कॅमेरा काढला आणि त्यांना तसंच बसवून पुन्हा फोटो घेतला. त्यात सगळे माझ्याकडे. एकाचे डोळे मिटलेले, पण तोंड माझ्याकडे.

मी काळा कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उघडला, पुसला, चार फोटो काढून पाहिले.

"काही बिघाड नाही. माणसं कुठे बघतात त्याला मी काय करू, मॅडम?"

त्याचंही बरोबर होतं. मला भीती वाटली नाही. नळ गळतोय हे जसं लक्षात येतं, तसं ते माझ्या लक्षात आलं, एवढंच.

नजरेपेक्षाही चेहरे जास्त वेगळे होते. पुष्कळ वाट बघितल्यावर दार उघडतं आणि नेमकं ते माणूस आत येतं, तेव्हा आपला चेहरा होतो तसे. हूं-आजींचासुद्धा. फोटो मी पाठवत राहिले. कोणाची तक्रार आली नाही. "नव्या कॅमेऱ्यात किती जिवंत येतात गं सगळे!" संचालक बाई म्हणाल्या.

मग एका सकाळी हूं-आजींची मुलगी न कळवता आली. बॅग खांद्यावरून न उतरवताच माझ्या टेबलासमोर बसली आणि तिने मोबाइल पुढे केला.

"फोटो काढताना तुमच्या शेजारी कोण उभं होतं?"

"कोणी नाही."

"ताई, खरं सांगा. मी रागावणार नाही." तिने आईचा चेहरा मोठा केला. "मी येते, तिच्याजवळ बसते, लहानपणचं काय काय आठवून बोलते. ती 'हूं' म्हणते आणि भिंतीकडे बघते. आणि इथे बघा. ही अशी कोणाकडे बघतेय? मला त्या माणसाला भेटायचंय. तो काय करतो तेवढं मला शिकून घेऊ दे."

मी आजींना बाकावर आणून बसवलं आणि तिला माझ्या डाव्या हाताला उभं केलं, अगदी जिथे सगळे बघतात तिथे. तिने केस सारखे केले.

"आई, इकडे बघ ना."

"हूं," आजी म्हणाल्या.

खटक्.

आम्ही दोघींनी मागच्या पडद्यावर पाहिलं. आजींचा चेहरा तसाच उजळलेला होता. त्या माझ्या उजवीकडे बघत होत्या.

"मी उभी राहिले म्हणून त्याने सरकून जागा दिली," मुलगी हळूच म्हणाली. मग जाऊन आईच्या शेजारी बसली. आजी भिंतीकडे बघत होत्या.

ती गेल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाटत नाही याचंच जे काही वाटलं ते वाटलं.

पुढच्या शनिवारी मी कॅमेरा स्टँडवर लावला. टायमर सुरू केला. बाकावर हूं-आजी आणि आमची आया यांच्यामध्ये जाऊन बसले.

समोरचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

मी ताठ बसले होते. हात मांडीवर. डोळे लेन्सवर. पापणी हलवायची नाही असं ठरवलं होतं आणि ती हलली नाही. खटक् आवाज झाला. मला काहीही दिसलं नाही.

ऑफिसात येऊन फोटो उघडला.

सगळे लेन्सकडे बघत होते. पहिल्यांदाच. आजोबा, आया, सगळे. हूं-आजींचे डोळेही समोर होते, रिकामे.

फक्त मी बाजूला बघत होते.

मी आजींच्या अंगाला खेटून बसले होते. माझ्या आणि आयाच्या मध्ये जागा होती. एक माणूस नीट बसेल एवढी.

माझ्या चेहऱ्यावर तेच होतं, दार उघडल्यावरचं. ओठ उघडे होते.

आया शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"फोटोच्या वेळी मी काही बोलले का गं?"

"हो की." तिने मान वर केली नाही. "'किती उशीर केलास,' म्हणालात."

तिने चादर झटकली, टोकाला टोक जुळवलं.

"मला वाटलं, मलाच म्हणताय," ती म्हणाली. "पण मी तर तुमच्या आधीच येऊन बसले होते."