रिकाम्या खोलीचं वजन

माझ्या सुनेला, लीनाला, घरातून निघताना 'येते' म्हणता येत नाही. 'जाते' म्हणते, तेही तोंड वर करून. इथल्या बंगाली बायासुद्धा 'आशी', म्हणजे 'येते', म्हणूनच उंबरा ओलांडतात. चार यत्ता शिकलेल्या मला कळतं ते ह्या बी.ए. बाईला कळत नाही? कळतं. माझ्या घरात परत यायचंच नसतं तिला.

म्हणून तर तिनं श्यामकांतच्या डोक्यात भरवलं, की ट्रकवर चढवायची लाकडी खोली करू, तिच्यातच राहू, देशभर हिंडू. "आई, एक वर्ष तरी तुमच्याशिवाय," असं माझ्या तोंडावर म्हणाली. माझा मुलगा खाली बघत राहिला.

ट्रक निवडायला मीही गंगेकाठी, खिदिरपूरच्या धक्क्याला गेले. मुलगा हातचा जातोय, तर कशावर बसून जातोय ते बघायला नको?

हालदार मिस्त्रीच्या आवारात लष्करानं मोडीत काढलेले दोन ट्रक होते. एक धाकटा, एक थोराड. खोली तयार होती, हलक्या फळ्यांची. आत एक बाक, एक खिडकी, बाकी काही नाही. कप्पीनं उचलून ती धाकट्यावर ठेवली, आणि मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरत पार सपाट झाले.

"एवढी जड?" श्यामकांत म्हणाला. "उचलताना तर हलकी होती."

हालदारनं वाकून बघितलं. मग हळूच मला विचारलं, "मा, भेतोरे के?"

"आत कोण असणार? वारा."

मी दार उघडलं. बाक ओला होता. ओल एका बाईच्या बसण्याएवढी. माक्याच्या तेलाचा वास आला.

लीना केसांना तेल लावत नाही.

सुनीती लावायची. श्यामकांतची पहिली. वरण करपलं म्हणून मी बोलले, तर भरदुपारी निघाली. निघताना मात्र रीतीनं "येते हं, आई" म्हणाली. मी म्हटलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." गंगेत सापडली, ह्याच धक्क्याच्या अंगाला. तोंड दाखवण्याजोगं उरलंच नव्हतं.

मी दार लोटलं. "लाकूड ओलं आहे," म्हटलं.

खोली थोराड ट्रकवर चढवली. पाटे जरासे दबले, थांबले. लीना टाळ्या पिटत आत शिरली. बाकाच्या एका कडेला बसली. दुसरी कडा का मोकळी ठेवली, तिचं तिलाच ठाऊक नसावं.

खिडकीतून हात हलवून हसली. "जाते हं, आई!"

तिच्या मागून, अगदी हलक्या आवाजात, "येते."

लीनाचं हसू जागीच राहिलं. बाजूला बघायची हिंमत होईना.

"आई..." तिचा आवाज चिरका झाला. "हा नको. दुसरा बघू."

मी तिच्या खांद्याकडे पाहिलं. पोलक्याची बाही भिजत चालली होती.

"दुसरा कशाला गं? हाच घे. दोघींना पेलेल."