फाटकावरची राखण

ज्याला शेवटचं पुरलं, त्यानं पुढचा येईपर्यंत चर्चच्या फाटकाशी राखण करायची, ही त्या डोंगराळ स्कॉटिश गावाची रीत. आठशे वर्षांचं दगडी चर्च, त्याच्या उत्तरेला मॅकरे घराण्याच्या थडग्यांची रांग आणि रांगेच्या टोकाला इशबेलची लेक मार्सली. सहा वर्षांची. ऑक्टोबरात घटसर्पानं गेली, आणि बाकीचं गाव असं ठणठणीत, की फेब्रुवारी उजाडला तरी कुणी मरेना.

इशबेल रोज दुपारी फाटकापर्यंत जाऊन यायची. थंडीनं गज हाताला चिकटायचे, कडी मात्र कोमट लागायची. कुणी आत्ताच हातातून सोडल्यासारखी. नवऱ्याला, फर्करला, तिनं एकदाच सांगितलं.

"उन्हानं तापली असेल," तो म्हणाला.

"ऊन कुठंय?"



खाटेला खिळलेले सासरे सगळं ऐकत होते. "सूनबाई, पोरीला मी सोडवतो. फाटकातून मला आत नेलं, की तिची सुटका. तुझं सूप पिऊन उशीर होतोय, एवढंच."

ती हसली आणि मग तिला हुंदका आवरेना. "मामंजी, लवकर जा असं कसं म्हणू हो मी?"

"म्हणू नकोस. चूल तेवढी जरा कमी पेटव."

आठ दिवसांनी ते गेले. इशबेल मनापासून रडली, आणि तिच्या जिवाला बरंही वाटलं. दोन दिवस बर्फ कोसळत होता. बायकांनी दफनाला जायचं नसतं, म्हणून ती घरीच वाट बघत बसली.

"फाटकाशी थांबलात ना जरा?" फर्कर परत येताच तिनं विचारलं.

"फाटक कुठलं!" तो बूट झटकत म्हणाला. "छातीएवढा बर्फ साचलाय. मागच्या पडक्या भिंतीवरून नेलं बाबांना."

ती तशीच निघाली, अंगावर शालसुद्धा न घेता.

भिंतीवरून ती आत उतरली. पुरुषांची पावलं सासऱ्यांच्या ताज्या मातीपर्यंत गेलेली, तिथूनच माघारी वळलेली. फाटकाकडे कुणी फिरकलं नव्हतं.

फाटकाला आतून बर्फ टेकला होता.

तो खालून उकरलेला होता. बारीक बोटांनी, चार-चार ओळींत, इशबेलच्या कमरेपर्यंत. त्याच्या वर हात पोचला नव्हता.

फाटक वीतभर उघडलं होतं.

इशबेल गुडघ्यांवर बसली. "बाळा, आजोबा मागून आले गं," ती म्हणाली. "पुरे आता."

समोरच्या बर्फावर आणखी चार ओळी उमटल्या.