दार न लागणारी बस

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माझ्या उरल्यासुरल्या दाढा आजच्या आज पडोत. बस जमिनीत गेली होती, हे खरं. ड्रायव्हर ढगात पोचला होता, हेही खरं. आणि चारचौघांच्या काय, गावभर माणसांच्या देखत एका पोरीने एका पोराला पटवलं... की पोराने पोरीला? ते तुमचं तुम्ही ठरवा.

तर ती पोरगी शिवणकाम करायची. बाजारातल्या एका छोट्या दुकानात, फ्रॉकपासून कोटापर्यंत सगळं. सगळे तिला टाचणी म्हणत. एक तर ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, आणि त्या काढल्या की बोलणं त्याहून टोकदार.

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांनी उभा जन्म एकच बस चालवली. मग गुडघ्यांनी दगा दिला, नोकरी संपली आणि पाठोपाठ बसही भंगारात गेली. तेव्हापासून बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवत बसायचे. हा गिअर टाकतोय की कांडण कांडतोय, तो वळतोय की कूस बदलतोय. ऐकून ऐकून टाचणीच्या कानाला भोकं पडली. पण खरं सांगायचं तर तिला त्या टोमण्यांचं काही वाटत नव्हतं. टोमणे संपल्यावर बाबा गप्प व्हायचे ना, त्याची तिला भीती वाटायची.

म्हणून तिने कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम आणला. बरोबर टेबलाला लावायचं खेळातलं स्टिअरिंग. बाबांनी एक फेरी मारली आणि स्टिअरिंगवरून हात काढला. म्हणाले, या बस नाहीत, चाकं लावलेले फ्रिज आहेत. माझी बस आण, मग बोल.

आता भंगारात गेलेली बस कुठून आणायची? पण त्या गेममध्ये एक सोय होती. लोक स्वतःच्या हाताने नव्या बस बनवून त्यात घालायचे. मॉड म्हणायचे त्याला. टाचणीने विचार केला, कोट शिवता येतो तर बस का नाही? तिकडे कापड, इकडे पत्रा. माप तर मापच.

झालं. जेवणाच्या सुट्टीत शिलाई मशीनला फोन टेकवून ती व्हिडिओ बघायला लागली. जुन्या फोटोंवरून मापं काढली, तुकडे पाडले, जोडले, उसवले, पुन्हा जोडले. बस तयार झाली ती अगदी हुबेहूब. तेच पुढे आलेलं नाक, तोच विटका पिवळा रंग, दिव्याजवळचा पोचासुद्धा जागच्या जागी. बाबांनी पाहिलं आणि चष्मा पुसला. मग स्टिअरिंग धरलं, गाडी सुरू केली... आणि बस जमिनीत गेली.

रस्ता तिथेच. झाडं तिथेच. बस मात्र खाली, खाली, थेट पाताळात. आणि बाबा आपले ब्रेक दाबतायत.

अशा वेळी विचारायला मॉडवाल्यांची एक मंडळी होती, इंटरनेटवर. तिथे कोणीही प्रश्न टाकावा, जाणत्याने उत्तर द्यावं. पण रिवाज कडक. प्रश्नाबरोबर लॉग फाईल जोडायचीच, म्हणजे काय बिघडलं ते गेमने स्वतः लिहून ठेवलेलं असतं ती. नवख्याने कोणाला खाजगी निरोप पाठवायचा नाही. मदत सगळ्यांसमोर, म्हणजे एकाचं उत्तर दहांच्या कामी येतं. आणि प्रश्न मिटला की विचारणाऱ्याने खाली 'सुटलं' असं लिहायचं. ते लिहिलं की त्या पानाला कुलूप. मग तिथे कोणालाही अक्षर उमटवता येत नाही. हे सगळं बघायला एक बाई होत्या. त्यांना सगळे हेडबाई म्हणत, आणि त्या वागतही तशाच.

टाचणीने यातलं काही वाचलं नव्हतं. तिने टाचणी याच नावाने सरळ लिहिलं, माझी बस जमिनीत गेली, कोणीतरी वाचवा.

पहिलं उत्तर आलं ते 'भोंगा' नावाच्या माणसाचं. "बसमध्ये कोणी होतं का?"

"माझे बाबा. अजून ब्रेक दाबतायत."

"त्यांना म्हणावं हँडब्रेक ओढा. तोवर तुम्ही लॉग फाईल जोडा."

टाचणीला राग यायला हवा होता. आलं हसू.

फाईल बघून भोंग्याने समजावलं, की तुमच्या बसला रूप आहे पण अंग नाही. गेममध्ये डोळ्याला दिसायची बस वेगळी आणि रस्त्याला लागायची बस वेगळी; ती दुसरी, न दिसणारी, तुम्ही बनवलीच नाही. रस्त्याला बिचाऱ्याला कळणार कसं, की आपल्यावर कोणी उभं आहे?

टाचणीने लिहिलं, "मी कपडे शिवते. गिऱ्हाईक अंग घेऊन येतं, मी फक्त रूप देते."

"इथे दोन्ही तुम्हालाच द्यावं लागेल. घाई नसेल तर बसा, सांगतो."

घाई कसली? ती बसली, ती बसलीच.

तिने बसला अंग दिलं, पण जरा जास्तच दिलं. चाकं रस्त्यात रुतली आणि रस्त्याने बस अशी भिरकावली की ती ढगांच्या वर गेली. बाबा म्हणाले, वर हवा छान आहे, पण थांबे कुठे दिसत नाहीत. मग ते निस्तरलं तर बसचा पत्राच गायब; नुसत्या सीटा आणि त्यावर हवेत बसलेली माणसं रस्त्याने चालली. भोंग्याने लांबलचक लिहून काढलं, की प्रत्येक तुकड्याला सुलटी आणि उलटी बाजू असते, तुमच्या उलट्या बाजू बाहेर आल्यात, आणि गेम उलटी बाजू दाखवतच नाही.

"म्हणजे अस्तर बाहेर आलंय," टाचणी म्हणाली.

"हे मी एवढ्या ओळींत सांगितलं. तुम्ही दोन शब्दांत संपवलंत. मला थोडं बोलू तरी द्यायचं..."

असं करत करत एकमेकांची माहिती झाली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की याला बोलावणं. फावल्या वेळात गाड्यांच्या भोंग्यांचे आवाज टिपून ठेवायचा छंद, म्हणून ते नाव. ती म्हणाली, म्हणजे अडकलेल्यांना सोडवणं हा तुमचा धंदाच की. त्यावर त्याने लिहिलं, सोडवलं की लोक मागे वळूनही न बघता पळतात. तुम्ही नका पळू.

हे वाचून तिने तुरपाई चालली होती ती बाही चुकून स्वतःच्याच ओढणीला शिवली.

आणि हे सगळं, बरं का, उघड्यावर! नळावर बायका जमाव्यात तशी त्या पानावर गर्दी व्हायला लागली. ज्यांना बसशी काही देणंघेणं नाही तेही येऊन बसायचे. एखाद्या दिवशी भोंग्याचं उत्तर आलं नाही तर भलतेच लोक विचारायचे, आज लिफ्टमध्ये कोण अडकलंय म्हणून.

भोंग्याचं प्रकरण तर फारच लांबलं. बाबांना त्यांच्या बसचाच भोंगा हवा होता, शेवटाला खोकल्यासारखा घरघरणारा. त्यांनी तो तोंडाने वाजवून दाखवला. टाचणीने ते फोनवर टिपून पानावर टाकलं आणि गर्दी हसून लोळली. असा भोंगा भोंग्याकडे होता. त्याने तो पाठवला. बाबा म्हणाले, हाच, पण शेपूट कुठेय? त्याने पुन्हा पाठवला. बाबा म्हणाले, अजून थोडं राहिलं. टाचणी पुन्हा तक्रार घेऊन हजर.

पण एक ना एक दिवस काम संपतंच. शेवटी फक्त दार उरलं. एका दुपारी तेही लागलं, अगदी अलगद, पापणी मिटावी तसं. आणि नेमकं तेव्हाच हेडबाईंनी येऊन लिहिलं, की या पानावरचे प्रश्न संपत आलेले दिसतात, सुटलं असेल तर तसं लिहावं.

टाचणीने 'सु' लिहिलं... आणि हात थांबला. या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. गाव माहीत नव्हतं. पानाला कुलूप लागलं की तो गेला, आणि तिच्याच हाताने गेला. तिने 'सु' खोडला. मग गुपचूप बस उघडली, दाराची बिजागरी बाजूला सरकवली आणि साळसूदपणे लिहिलं, दार लागत नाही.

भोंग्याने उपाय सांगितला. लागत नाही. दुसरा सांगितला. छे, तरी नाही. इकडे बाबा वैतागले. "अगं, दार आहे की जावई? किती रुसायचं त्याने?"

शेवटी भोंगा म्हणाला, फाईलच पाठवा, मी बघतो. आणि तिने पाठवली. प्रेमात माणसाची अक्कल चरायला जाते ती अशी.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने फोन उघडला. त्याने लिहिलं होतं, "टाचणी, ही बिजागरी आपोआप सरकलेली नाही. चुकून सरकली असती तर वाकडी सरकली असती. ही अगदी सरळ रेषेत, शिस्तीत नेऊन ठेवलीय. इतकी सुबक चूक मी आजवर पाहिली नाही... दार लागू नये असं कोणाला वाटतंय का?"

सगळ्यांसमोर! टाचणीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिने फोन कपाटात, कापडाच्या गठ्ठ्याखाली कोंबला. पुन्हा त्या पानाचं तोंड बघणार नाही असं ठरवलं आणि पाळलंही. घरी गप्प, दुकानात गप्प. खिडकीपाशी आता दोन खुर्च्या लागल्या आणि दोन्हींवर गप्प माणसं. बाबांनी दाराचं विचारलं तर म्हणाली, मला नाही जमत ते.

रविवारी सकाळी ती न्हायला गेली होती. बाबांनी ठरवलं, आपलं दार आपणच बघू. कॉम्प्युटर लावला तर समोर ते पान. त्यांनी चष्मा चढवला आणि वर्तमानपत्र वाचावं तसं वरून वाचायला घेतलं. पाताळ वाचलं, ढग वाचले, स्वतःच्या खोकल्यावर स्वतःच हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. खाली पोचले तर बिजागरीच्या खाली भोंग्याचं आणखी एक लिहिणं होतं. पोरीने न वाचलेलं.

"रागावलात? मग माझीही चूक ऐका. तो भोंगा माझ्याकडे पहिल्यापासून पुरा होता. मीच दर वेळी शेवट कापून पाठवायचो. तुमचे बाबा म्हणायचे, अजून तो नाही, आणि तुम्ही परत यायचात. काहीही लिहा. फक्त सुटलं लिहू नका."

त्याच्या खाली गर्दीचा गलका, टाचणी कुठे गेली म्हणून. आणि सगळ्यात खाली हेडबाई. उत्तर नाही आलं तर नियमाप्रमाणे आज दुपारी पान बंद होईल.

बाबांनी बाह्या सरसावल्या. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं.

"मी ड्रायव्हर बोलतोय. टाचणीचा बाप. भोंग्याची शेपूट कापलीय हे मी बोंबलून सांगत होतो, कोणी ऐकलं नाही. आता ऐका. जन्मभर बस चालवली मी. दार उघडं ठेवून गाडी सोडत नसतात. आणि दारात लोंबकळणाऱ्याचा कधीतरी पाय घसरतो. चढायचं तर चढा, नाहीतर उतरा."

टाचणी ओल्या केसांनी बाहेर आली तोवर ते पानावर जाऊन बसलं होतं. तिने वाचलं आणि केस पुसायचं विसरली. "बाबा... काय केलंत हे?"

"बेल मारली," बाबा म्हणाले. "वर काय लिहिलंय तेही वाच."

तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. तेवढ्यात खाली एक नवीन शब्द आला. भोंग्याचा.

"चढतो."

आणि लगेच दुसरी ओळ. "थांबा कुठला, तेवढं सांगा."

गर्दीने काय धुडगूस घातला असेल, तुम्हीच समजा. हेडबाईंनी सगळ्यांना दामटलं. पत्ते चारचौघांत द्यायचे नसतात, म्हणाल्या. या दोघांना खाजगी निरोपाची सोय करून देते, आणि कोणी हा पायंडा समजू नये. पान मात्र त्यांनी बंद केलं नाही. दार दुरुस्त व्हायचं आहे, असं कारण दिलं.

दुसऱ्या दिवशी टाचणी दुकानात एका काकूंच्या झग्याचा घेर टाचत होती. काकू स्टुलावर उभ्या, ही खाली गुडघ्यावर, ओठांत टाचण्यांची रांग. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांतून पाणी गळतंय, पापण्यांवर थेंब...

"दार लागत नाही असं कळलं," तो म्हणाला.

टाचणीने वर पाहिलं. बोलता येईना. तो बिचारा बोलत राहिला, की रस्ताभर काय काय ठरवून आलो होतो, आता एक शब्द आठवत नाही, लॉग फाईलही आणली नाही. मग थांबला. चेहरा पडला त्याचा. "तुम्ही काही बोलत का नाही?"

"अहो, तोंडात टाचण्या आहेत तिच्या," काकू वरून म्हणाल्या. "कान बघा. कानच बोलतायत."

त्याने पुढे येऊन हात पसरला. ती एकेक टाचणी काढून त्याच्या तळहातावर ठेवत गेली.

"टोचतील," ती शेवटी म्हणाली.

"टोचू देत."

"दार मीच बिघडवलं होतं."

"माहीत आहे."

"मला ते दुरुस्त करून नकोय."

"मग मी कशाला आलो?"

"ते तुम्ही सांगायचं..."

तो हसला. म्हणाला, "चढलो तर उतरणार नाही, सांगून ठेवतो. मला तुम्ही आवडता. बस जमिनीत गेली त्या दिवसापासून."

"मग दारात का उभे आहात?" टाचणी म्हणाली. "आत या."

काकूंचा झगा एका बाजूने वर आणि एका बाजूने खाली राहिला तो राहिलाच. त्या तसाच घालून गेल्या आणि कोणी विचारलं तर म्हणायच्या, नवीन तऱ्हा आहे.

बाबांना भोंगा शेपटीसकट मिळाला. ते रोज फेरी मारतात, दार लावून. आणि त्या पानावर अजूनही कोणी 'सुटलं' लिहिलेलं नाही. हेडबाई विचारतही नाहीत.

आता एवढं कबूल करते, दाढांचा प्रश्न आहे. त्या दिवशी पाऊस नव्हता. रणरणतं ऊन होतं, आणि तो पोरगा भिजला होता तो घामाने. पण पहिल्या भेटीला घामाघूम नवरा मुलगा, हे तुम्हाला तरी ऐकवलं असतं का? बाकी सगळं खरं आहे. तळहाताला टाचण्या टोचल्या होत्या, त्याने हू की चू केलं नाही, तेसुद्धा.