सात रिकामे खिळे

१४ मार्च १९३२. दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. फळीवर खिळे एकेचाळीस, बिल्ले चौतीस.

ही घटना घडलेली आहे. माझे थोरले काका मुरारराव पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले ओव्हरसियर. मोजल्यावाचून ते बोलत नसत. आकडे त्यांच्याच टिपणवहीतले.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी सोने असल्याची आवई उठली, तेव्हा एका कंपनीने तिथे खाण खोदली आणि तोंडाशी दगडी कचेरी बांधली. सोन्याऐवजी पाणी लागले. सात माणसे खालीच राहिली. खाणीच्या तोंडावर शिळा बसवून सांधे चुन्याने भरले.

अठ्ठावीस वर्षांनी त्या कचेरीचे वस्तुसंग्रहालय करण्याचे काम काकांकडे आले. उद्घाटन १५ मार्चला होते.

खाणीचा रिवाज साधा. उतरताना गड्याने आपला पितळी बिल्ला सोबत न्यायचा. वर आल्यावर स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा, तोवर शोध चालू.

फळी बोडकी दिसू नये म्हणून काकांनी महाडच्या तांबटाकडून सात नवे बिल्ले करवून आणले आणि अडकवले.

झाडलोट करणाऱ्या ठमाबाईची केरसुणी थांबली. एकोणीस नंबर तिच्या नवऱ्याचा, गोमाजीचा.

"काढा त्यो, सायब."

"अगं, उद्या पाहुणे येणार. दात पडलेली फळी दाखवू त्यांना?"

"बिल्ला टांगला म्हंजे मानूस वर आला. आता त्याला कोन हुडकल? मी अजून कुकू पुसलं नाय."

"उद्या कार्यक्रम आटोपला की काढतो. झालं?"

"पाचाला पाळी सुटल. घरची वाट धरतील बिचारे... आन् वर तर दगड हाय."

काका हसले. हात धुवायला मागच्या विहिरीवर गेले.

पाच वाजले.

ठण्...

पाळी सुटल्याची घंटा.

घंटेचा लोलक त्यांनी सकाळीच घासायला काढून खिशात ठेवला होता. त्यांनी खिसा चाचपला.

लोलक खिशातच होता.

मग... ओल्या पावलांचा आवाज.

मग काहीच नाही.

काका धावत आत आले. केरसुणी जमिनीवर पडलेली. सातही नवे बिल्ले खिळ्यांवरून उतरवून एका रांगेत ठेवलेले.

फरशीवर चिखलाची पावले. शिळेकडून येणारी... सात जणांची.

परत जाणारी... आठ जणांची.

आठवी पावले लहान होती.

शिळेच्या चुन्याला तडादेखील नव्हता. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाऐवजी पोलीस आले. त्यांनी शिळा उचलली. खाली काठोकाठ पाणी. ठमाबाई कुठेच नाही.

मीही तिथे गेलो आहे. पाचाच्या आत बाहेर पडलो.

त्या दिवसाच्या पानावर काकांची शेवटची ओळ आहे: रिकामे खिळे सात. खाली माणसे आठ.